नव्या टाकीतलं दुधाळ पाणी : पुण्यातल्या एका पावसाळ्यातल्या नोंदी

७ जुलै २०२४, रविवार

माशांसाठी काचेची नवी टाकी, २४ × १२ × १५ इंच. वाळूचा थर आणि वरची चार बोटं सोडली तर पाणी ५५ लिटरच्या आसपास बसतं. काच, वाळू, पाणी मिळून वजन ऐंशी किलोच्या घरात जातं, म्हणून टीव्हीच्या टेबलाचा विचार सोडून लोखंडी स्टँड करून घेतला. लेव्हल लावून पाहिली, डावा पाय थोडा खाली होता, रबराची चकती सारली. टाकीखाली थर्माकोलची शीट. घरातल्यांची अट एकच: गणपतीला पाहुणे येतील तेव्हा आत मासे दिसले पाहिजेत. गणपती ७ सप्टेंबरला, म्हणजे वेळ भरपूर आहे.

वाळू वॉटर फिल्टरमध्ये घालतात ती सिलिकाची. दुकानातली निळी-गुलाबी खडी मला बघवत नाही. गच्चीवर नेऊन धुतली: थोडी थोडी बादलीत घ्यायची, पाइपची धार तळापर्यंत घुसवायची, हाताने ढवळायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं. बादलीत बोटांची नखं दिसेपर्यंत. नवऱ्याने मध्येच 'एवढं पाणी वाया?' असं विचारलं, तर ते सगळं गच्चीवरच्या कुंड्यांना घालायला लावलं.

पाणी भरताना वाळूवर एक जुनी ताटली ठेवली आणि धार तिच्यावर सोडली. तरी थोडा करडा धूसरपणा आलाच. फिल्टर आतल्या बाजूला लावायचा, स्पंजवाला, आणि जोडीला एअर पंप.

८ जुलै

सकाळी पाणी बरंच निवळलेलं. काचेवर बोट फिरवलं तर पांढरी पूड हाताला लागली. ही वाळूचीच धूळ. फिल्टरच्या तोंडाशी उशीत भरतात तो फायबरचा कापूस बसवला, संध्याकाळी तो काढला तेव्हा राखाडी झाला होता. धुवून परत लावला.

धुळीचा गढूळपणा असा असतो: पाणी भरल्या भरल्या येतो, हळूहळू खाली बसतो, कापसात अडकतो. यापुढे जे होणार त्याच्याशी ताडून बघायला उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते.

१० जुलै, बुधवार

ड्रिफ्टवूड आणि झाडं आली. लाकूड मोठ्या पातेल्यात दोन तास उकळलं, पाणी काळ्या चहाइतकं गडद झालं. ते पातेलं यापुढे ओट्यावर यायचं नाही, असा सासूबाईंचा हुकूम. ते आता माशांचं पातेलं.

झाडांमध्ये व्हॅलिस्नेरिया आणि जावा फर्न. दोन्ही कमी उजेडात जगणारी.

मासे इतक्यात नाहीत. आधी अमोनिया घालून टाकी पिकवायची, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू आधीच वाढवून ठेवायचे. कल्हईवाल्यांकडे मिळणारा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच, पण त्यात आणखी काय असेल ते सांगता येत नाही, म्हणून रसायनांच्या दुकानातून लॅबच्या दर्जाचं आणलं. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवली, वर मोठ्या अक्षरात 'विष' लिहिलं, बाटली वरच्या कपाटात. त्यातलं ३३ मिली टाकीत घातलं की लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. थेंबांच्या किटने तपासलं: नळीतलं पाणी पिवळ्याचं हिरवं झालं, तक्त्यावर २.

ही नळी नेहमी दिवसा, खिडकीशी, पांढऱ्या कागदावर धरून बघायची. ट्यूबलाइटखाली १ आणि २ मधला हिरवा ओळखू येत नाही.

आज नळाच्या पाण्याचं मोजमापही घेतलं. पीएच ७.४, कार्बोनेट कठीणपणा (पीएच घसरू न देणारे क्षार) ३ अंश. आमच्याकडे कॉर्पोरेशनचं, खडकवासल्याचं पाणी. सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून वाहून येणारं पावसाचं पाणी मऊच असतं. सोसायटीचं बोअरचं पाणी वेगळ्या लाइनने फक्त संडासाला येतं, ते याच्या कितीतरी जड निघालं.

१२ जुलै

संध्याकाळी ऑफिसातून आले तर पाणी पांढुरकं. धूळ तर चार दिवसांपूर्वीच बसली होती.

१३ जुलै, शनिवार

आज मागच्या काचेवरचा काळा कागद दिसत नाही. कोणीतरी वाटीभर ताक ओतून ढवळावं तसं पाणी. वास मात्र फारसा नाही, किंचित ओलसर, तळघरासारखा. लाकडावर पारदर्शक, शेवाळासारखा बुळबुळीत थर चढलाय, बोटाने ओढला तर पदरासारखा सुटून येतो.

नणंदेची मुलगी गुरुवारी आली होती. आज लाकूड उचललं तेव्हा त्याच्या पोकळीत माशांच्या खाद्याच्या फुगलेल्या फ्लेक्सचा लगदा सापडला. फोनवर विचारलं. 'मामी, मासे यायच्या आधी जेवण तयार नको का?' याला उत्तर नाही. नळीने जेवढा लगदा ओढता आला तेवढा काढला.

तर कारण हे. पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय खाद्य आहे (फ्लेक्स, लाकडातून उतरणारा रस, झाडांची कुजणारी जुनी पानं) आणि ते खाणारे जिवाणू मोकळ्या पाण्यात तरंगत वाढताहेत. अनुकूल परिस्थितीत हे अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात. अमोनिया खाणारे जे जिवाणू आपल्याला हवे आहेत त्यांना दुप्पट व्हायला दिवसभर किंवा जास्त लागतो, आणि ते तरंगत नाहीत, स्पंजला, वाळूला, काचेला चिकटून राहतात. म्हणजे जे डोळ्यांना दिसतंय ते आपलं काम करणारे नव्हेत, आणि जे काम करणार ते दिसणारच नाहीत.

१४ जुलै, रविवार

सल्ल्यांचा दिवस.

सासूबाई: 'अगं, तुरटी फिरव की दोनदा. आम्ही पावसाळ्यात हंड्यात फिरवायचो, तासाभरात तळ दिसायचा.' ते खरंच आहे. मातीचे कण तुरटीने एकमेकांना चिकटून खाली बसतात, पाणी शुद्धीकरण केंद्रांतही हेच तत्त्व वापरतात. पण तुरटी पाण्यातला कार्बोनेट खाते. आपल्याकडे तो मुळातच ३ अंश. पीएच घसरला की ॲल्युमिनियम विरघळलेलं राहतं आणि ते माशांच्या कल्ल्यांना घातक. शिवाय खाद्य पाण्यात तसंच राहणार, म्हणजे दोन दिवसांनी पुन्हा पांढरं. सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मग निवळीची बी उगाळ.' त्यात तर आणखी सेंद्रिय पदार्थच पडतील.

दुकानदार: सगळं पाणी काढा, टाकी धुवा, नव्याने भरा, निळं औषध घाला, चिमूटभर मीठ टाका. यातलं सगळं पाणी बदलणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. वाळूत, लाकडात खाद्य तसंच राहतं, जिवाणू दोन दिवसांत परत तेवढेच होतात, आणि स्पंज धुतला तर हवे असलेलेच निघून जातात. निळं औषध बहुतेक वेळा मेथिलीन ब्लू असतं. बुरशीवर ते चालतं, पण अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनाही ते मारतं. मिठाला मात्र खरं कारण आहे: पाण्यात नायट्राइट (अमोनिया पचताना मध्ये तयार होणारं दुसरं विष) असताना मिठातला क्लोराइड तो कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण त्याचा पांढऱ्या पाण्याशी संबंध नाही आणि आपल्याकडे अजून कल्लेच नाहीत.

यूव्हीचा दिवा लावला तर पाणी दोन-तीन दिवसांत साफ होईल हे कबूल. पण जी गोष्ट आपोआप जाणार तिच्यासाठी दिवा घ्यायचा नाही.

मग एक चाचणी केली. सरबताच्या तीन काचेच्या बाटल्या टाकीतल्या पाण्याने भरल्या. एक तशीच ठेवली. दुसऱ्या बाटलीतलं पाणी कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळलं. तिसरीत तुरटीचा खडा चार वेळा फिरवला, सासूबाईंच्या समाधानासाठी आणि थोडं माझ्याही. रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च बाटल्यांच्या कडेने टाकला. पहिलीत प्रकाशाचा पट्टा जाड, पांढरा. गाळलेल्या बाटलीतही जवळजवळ तेवढाच. हे जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे, कॉफीचा कागद त्यांना अडवत नाही.

१५ जुलै

बारा तासांनी पुन्हा टॉर्च. पहिली बाटली तळाशीही पांढरी, वरही पांढरी, गाळ नाही. धूळ असती तर रात्रीत खाली बसली असती. तुरटीच्या बाटलीत तळाशी कापसाचे फुगीर पुंजके आणि वर स्वच्छ पाणी. सासूबाई म्हणाल्या, 'बघ.' मग त्याच बाटलीतला पीएच मोजून दाखवला: ६ च्या खाली, किटचा तळ. टाकीत ७.२. त्यांनी आकडा बघितला आणि देवघराकडे गेल्या, तुरटीचा विषय परत निघाला नाही.

१७ जुलै, आषाढी एकादशी

फारसा बदल नाही. अमोनिया २, नायट्राइट शून्य.

एअर पंपाचा जोर वाढवला. तरंगणारे जिवाणू ऑक्सिजन खातात आणि २५ अंशाला मुळात लिटरमागे आठएक मिलिग्रॅमच विरघळतो, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर असल्याने थोडा कमीच. आत मासे असते तर आज पहाटे सगळे वर तोंड काढून असते. नव्या टाकीत पांढऱ्या पाण्यात मासे मरतात, तेव्हा लोक पाण्याच्या रंगाला दोष देतात. रंगाने कोणी मरत नाही. ऑक्सिजन संपतो नाहीतर अमोनिया वाढतो, आणि दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत.

२० जुलै, शनिवार

पांढरेपणा पातळ होतोय. मागचा कागद धूसर दिसू लागला. काचेवर टिंबाएवढे काहीतरी सरकताहेत, भिंगातून बघितलं तर गोल गोल फिरणारे एकपेशीय जीव. हे जिवाणूंवर चरतात. खाद्य संपत आलं, खाणारे आले, दोन्हीकडून ओढ बसली.

अमोनिया १. नायट्राइटच्या नळीत आज पहिल्यांदा आकाशी रंगात जांभळी छटा. पाण्याच्या रंगापेक्षा ही बातमी मोठी.

२४ जुलै

पाणी स्वच्छ. मागच्या कागदावरची सुरकुतीसुद्धा दिसते. लाकडावरचा थर जवळजवळ गेलाय. पाण्याला हलका पिवळसर रंग आहे, तो लाकडातल्या टॅनिनचा. मला आवडतो, नवऱ्याला 'अस्वच्छ' वाटतो. कोळशाची पिशवी लावली की जाईल. लावणार नाही.

नणंदेने व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं, 'झालं ना मग? उद्या मासे आणा.' नाही.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर धो धो. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, सिंहगड रोडला एकता नगरीत घरांत पाणी शिरलं. ऑफिस बंद. आमच्याकडे पाणी शिरलं नाही, पण पहाटे गेलेली वीज दुपारनंतर आली. फिल्टर बंद, पंप बंद. यूएसबीवर चालणारा छोटा पंप पॉवर बँकेला जोडला, तो दिवसभर बुडबुडे सोडत राहिला. आपला फिल्टर उघड्या स्पंजचा, टाकीतच बुडालेला, म्हणून फार धोका नाही. बंद डब्याचे फिल्टर असतात त्यांच्या आत तीन-चार तासांत प्राणवायू संपतो आणि वीज आली की ते घाण पाणी टाकीत फेकतात. अशा वेळी तो डबा सोडवून धुवूनच सुरू करावा.

२८ जुलै, रविवार

आजची नोंद महत्त्वाची. पाणी आरशासारखं, आणि नायट्राइट तक्त्याच्या शेवटच्या जांभळ्यावर, ५ किंवा वर. अमोनिया शून्य. म्हणजे साखळीतला पहिला दुवा, अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू, तयार झाला, दुसरा अजून नाही. पाण्याच्या स्वच्छपणावर विसंबून गुरुवारी-शुक्रवारी मासे आणले असते तर या पाण्यात त्यांचं रक्त तपकिरी पडलं असतं. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही. सर्वांत दुधाळ दिवशी टाकी जितकी धोकादायक होती त्याहून आज जास्त आहे.

दुसरा दुवा म्हणजे नायट्राइटचं त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू. जुन्या पुस्तकांत यांचं नाव नायट्रोबॅक्टर दिलेलं असतं. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा तिथे ते काम नायट्रोस्पायरा करतात असं दिसलं. पुढे २०१५ मध्ये असेही नायट्रोस्पायरा सापडले जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात. दुकानात 'जिवाणूंची बाटली' मिळते तिच्यावर आतल्या जातीचं नाव नसेल तर मी ती घेत नाही.

अमोनियाचा डोस पुन्हा दिला, यांना उपाशी ठेवून चालत नाही.

अर्धं पाणी बदलायचं होतं, पण नळाला पुरानंतरचं लालसर पाणी येतंय. बादलीत भरून ठेवलं.

२९ जुलै

बादलीच्या तळाशी बोटभर रुंदीचं लाल मातीचं वर्तुळ, वरचं पाणी बरंच साफ. ही बाटलीतली चाचणीच, फक्त उत्तर उलटं: हा कणांचा गढूळपणा आहे, बसू देऊन वरचं पाणी घ्यायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आहे, दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत. आमची बादली कितीची होती ते मोजायचं साधन घरात नाही, पण पिण्याचं पाणी आम्ही सगळे उकळतोय. क्लोरीनचा वासही नेहमीपेक्षा उग्र. रात्रभर बसवलेलं पाणी वरून काढून, क्लोरीन घालवणारे थायोसल्फेटचे थेंब घालून, मग टाकीत.

३ ऑगस्ट, शनिवार

अमोनिया आता एका दिवसात संपतो. नायट्राइट अजून तक्त्याच्या बाहेर. पण पीएच ६.४, कार्बोनेट १ अंश. हे अपेक्षित होतं. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, दर मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सात मिलिग्रॅमहून थोडी जास्त क्षारता (म्हणजे हाच कार्बोनेट) खर्च होते. आपल्या मऊ पाण्यात शिल्लकच थोडी. पीएच आणखी घसरला तर हे जिवाणू काम थांबवतात आणि माणूस आठवडे वाट बघत बसतो. पुण्या-मुंबईच्या पाण्यात टाकी 'अडकते' ती बऱ्याचदा इथे.

खायचा सोडा ३ ग्रॅम कपभर पाण्यात विरघळवून हळूहळू ओतला. ५५ लिटरमध्ये १ अंश वाढायला साधारण दीड ग्रॅमच्या वर लागतो. तासाभराने ३ अंश, पीएच ७.३. कायमची सोय म्हणून जाळीच्या पिशवीत मूठभर ठेचलेले शिंपले फिल्टरजवळ टांगले. पाणी आम्ल झालं की ते हळूहळू विरघळतात.

११ ऑगस्ट, रविवार

ऑफिसातल्या एकाची टाकी चार वर्षं चालू आहे. तो गावाहून परत आला, त्याच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज कापून दिला. टाकीच्याच पाण्यात बुडवून, डब्यात, स्कूटरच्या डिकीत. सुकू द्यायचा नाही, नळाखाली धरायचा नाही. आपल्या स्पंजावर पिळला. टाकी क्षणात तपकिरी. घरात पुन्हा आरडाओरडा. तीन तासांत सगळं खाली बसलं.

जुन्या स्पंजाबरोबर गोगलगाईची अंडी आणि कधीकधी रोगही येतात. त्याच्या टाकीत वर्षभरात मासे मेले नाहीत हे विचारूनच आणला. हे ७ जुलैलाच मिळालं असतं तर महिनाभर वाचला असता.

१५ ऑगस्ट

नायट्राइट १. व्हॅलिस्नेरियाला नवी पात आली आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

काल सकाळी २ मिलिग्रॅमचा डोस, आज सकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट गडद लाल. टाकी पिकली. पाऊणेक पाणी बदललं, नायट्रेट २० च्या खाली आणला. आठवडाभर रोज थोडा अमोनिया चालू ठेवायचा.

२५ ऑगस्ट, रविवार

मासे आले. झेब्रा डॅनिओ, सहा. गप्पी फुकट मिळाले असते, डासांसाठी सोडतात ते. पण दोन महिन्यांत त्यांची पिल्लं वाटत फिरावं लागतं. झेब्रा आपल्याच उपखंडातला ओढ्यांतला मासा, काटक, कळपाने राहणारा. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली, मग थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात, मग जाळीने मासे आत. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये.

भाची आली होती. नावं ठेवून झाली, पण सहाही सारखे दिसत असल्याने कोण कोणता हे तिलाच सांगता येईना.

१ सप्टेंबर, रविवार

पुन्हा किंचित धुरकट. टॉर्च टाकला तर पट्टा दिसतो, दिवसा लक्षात येणार नाही इतका. सकाळी मी, दुपारी सासूबाई, संध्याकाळी नवरा, असे तिघेही खायला घालत होतो असं चौकशीत निघालं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, मासे खाली, कल्ले शांत. म्हणून पाणी बदललं नाही, काही घातलं नाही. खाद्याचा डबा सासूबाईंच्या ताब्यात दिला: दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, बुधवारी उपास.

५ सप्टेंबर

धुरकटपणा गेला. नवऱ्याला गणपतीच्या सजावटीचे दोन हॅलोजन टाकीच्या बाजूला लावायचे होते. नको म्हटलं: दहा दिवस दिवस-रात्र एवढा उजेड आणि पाण्यात नायट्रेट असेल, तर पुढचं पाणी हिरवं, आणि ते तरंगतं शेवाळ जिवाणूंसारखं आपण होऊन जात नाही. मखर दुसऱ्या भिंतीला गेलं. टाकीच्या दिव्याला टायमर, दिवसाला सहा तास.

शनिवारच्या गडबडीआधी, उद्या, पाव पाणी बदलायचं आणि फिल्टरचा स्पंज पिळायचा. काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळायचा, नळाखाली नाही. लाल बादली, बाल्कनीत.